टपरीपासून चिंचेपर्यंत

खारघरच्या मंडईत मेथी घेत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. "हे गेले, भावजी." एवढंच. झोपेतच गेला म्हणे मोहन. पाऊस उघडला की शेवगावला जायचं ठरलं होतं आमचं... मेथी तिथेच ठेवून मी त्याच्या घरी पळालो.

महाप्याच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो. निवृत्तीनंतर या गृहस्थाने टूम काढली, की आपल्या सोसायटीच्या गेटपासून पायी निघायचं आणि नाणेघाटाच्या जुन्या व्यापारी वाटेने थेट पैठणात शिरायचं. एका दमात कुठलं जमतंय! थोडे दिवस चालायचं, एसटीने घरी यायचं, पुढच्या खेपेला तिथूनच पुढे. त्यातही त्याचा हट्ट, की सुरुवात करायची ती थांबलो होतो त्याच्या चार पावलं मागून. मधे फट नको म्हणायचा. मी त्याला वेड्यात काढायचो, पण मुकाट्याने मागे जायचो. वहिनींना गुडघ्यांमुळे येता येत नसे. त्या संध्याकाळी फोन करून कुठवर पोचलात ते विचारत.

गोदावरीचा पूल ओलांडून पैठणात शिरलो, तेव्हा माझा ऊर भरून आला होता. हा मात्र वहिनींना पाठवायला मोबाइलमधले जुने फोटो चाळत होता, तो मधेच थबकला. शेवगावच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो होतो आणि पुढच्या खेपेला त्याच टपरीपासून निघालो होतो. पहिल्या फोटोत टपरी चिंचेखाली होती. दुसऱ्यात चिंच नव्हतीच. टपरीवाल्याने मधल्या काळात बिऱ्हाड पुढच्या फाट्यावर हलवलं होतं, आणि आम्ही दोघे शहाणे चहा पिऊन तिथूनच चालू लागलो होतो!

"अरे, कोण विचारतंय?" मी म्हटलं.

"मी विचारतोय ना," तो म्हणाला. "आपण पोचलोच नाही."

पैठणातल्या फोटोत त्याचा चेहरा एखादी वस्तू हरवल्यासारखा आहे. पुढे पावसाने, मग त्याच्या तब्येतीने तो सुटलेला तुकडा चालून यायचं राहत गेलं. मला त्याचा राग यायचा. एवढं चाललास, तेवढ्यात समाधान मान की... आता तो राग कुणावर काढू?

परवा त्याच्याकडे गेलो. दारामागे त्याची काठी होती, खाली नवं रबर बसवलेलं. वहिनींनी चहा दिला आणि तो तुकडा केवढा असेल ते विचारलं. फार नाही, मी म्हटलं, टपरीपासून मागे चिंचेपर्यंत.

"मग तेवढं मला जमेल," त्या म्हणाल्या.

त्याचं एवढंच तर उरलंय, तेही चालून संपवायचं? माझा जीव होईना. त्यांना ते कळलं असावं. काठी हातात घेऊन त्यांनी जमिनीवर टेकवून पाहिली.

"पण सुरुवात चिंचेच्या चार पावलं मागून करायची हं, भावजी."