तिच्या फोनवरचे बटण

आमच्या समाजभवनातील मोठी भांडी लग्नकार्याला वापरायला देण्याची जुनी रीत आहे. कोणता गंज, कोणती परात कोणाकडे गेली हे घरबसल्या कळावे, म्हणून मी एक मोबाइल ॲप बांधायला घेतले. आमच्या या हिंदी मुलखातल्या सिलतऱ्याच्या एका कारखान्यात संगणक विभागात आयुष्य गेले असले, तरी मोबाइलचे काम मला नवे होते. मी एक ओपन सोर्स फ्रेमवर्क, म्हणजे ॲपचा सर्वांना खुला असलेला तयार सांगाडा, निवडले. त्यात बटण, यादी, तारखेचा रकाना असे वेब कंपोनंट तयार मिळतात. ते एकदा मांडले की तेच ॲप साध्या आणि महागड्या अशा दोन्ही प्रकारच्या फोनांवर चालते, आणि फोन ओळखून स्वतःचे रूपही बदलते. माझ्या साध्या फोनवर मला जे दिसे, ते महागड्या फोनवर वेगळे दिसे. आमच्या घरात तसा फोन फक्त माझ्या मुलीकडे होता, आणि ती नोकरीसाठी हैदराबादला राहते.

पत्नी होती तोवर मुलीचा फोन तिलाच येई. मी शेजारी वर्तमानपत्र चाळत ऐकत असे आणि शेवटी 'मजेत ना?' एवढे विचारत असे. पत्नी गेल्यावर ध्यानात आले की आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नाही. म्हणून ॲपची पहिली प्रत तिला पाठवताना जी धडधड झाली, ती निव्वळ ॲपसाठी नव्हती.

तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. 'भांडी परत मिळाली' हे बटण तळाच्या पट्टीखाली अर्धे दडले होते. खाली लिहिले होते, "पापा, ये दब ही नहीं रहा." तिला मराठी कळते, पण इथल्या हिंदी शाळेत शिकल्याने उत्तर ती हिंदीतच देते.

मी उंची बदलली, अंतर बदलले. काही फरक पडेना. या कंपोनंटच्या आत बाहेरचा हुकूम चालत नाही. बनवणाऱ्याने ज्या मोजक्या जागा मोकळ्या ठेवल्या असतील, तेथूनच कंपोनंटला काही सांगता येते. हे उमजायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात रोज एक प्रत गेली आणि रोज एक फोटो आला. कधी सोबत एखादी ओळही असे: "आज कैंटीन का खाना एकदम बेकार था." ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत असे.

मग एका दुपारी ती मोकळी जागा सापडली. कोडची एकच ओळ लिहिली आणि संगणकावर नुकत्याच उभ्या केलेल्या नकली फोनात बटण वर आले. मुलीला मात्र मी जी प्रत पाठवली, तिच्यात ती ओळ नव्हती. बटणाचा रंग तेवढा बदलला होता.

"अभी भी वही है, पापा."

"बघतो," मी लिहिले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. पण लाजेने माझा हात थांबला नाही. असे दोन आठवडे चालले.

भांड्यांचा कारभार पाहणाऱ्या ताई एके दिवशी घरी आल्या.

"काहून भाऊ, ते ॲप होऊन नाही राहिलं का?"

"थोडं राहिलं, ताई."

"थोडं थोडं म्हणता लगनं सरून जातील. दोन गंज कोणाकडे गेले, सापडून नाही राहिले. माझ्या सुनेले बी तुम्ही पाठवलं होतं ना, तिच्या फोनात बी बटण दबत नाही. विचारते, काका कारखान्यात बी असंच काम करत होते का?"

त्या गेल्यावर मी ती ओळ घातली आणि प्रत सर्वांना पाठवून दिली. मुलीचा फोटो आला. बटण पूर्ण दिसत होते. "हो गया, पापा."

त्यानंतर तिच्याकडून काही आले नाही. मी ॲपमध्ये दुसरा दोष शोधत बसलो. एकही निघाला नाही. शेवटी मीच फोन केला.

"फिर कुछ गड़बड़?"

"नाही. ते बटण मले आधीच जमलं होतं. दोन आठवडे तुले उगाच त्रास दिला."

"मैं मीटिंग से उठ-उठ के फोटो भेजती थी, पापा. सब हँसते थे, तेरे पापा का बटन आज भी नहीं दबा?"

"चुकलं माझं."

"पर काहून, पापा?"

खरे कारण सांगायला मोजके शब्द पुरले असते. "तुझे फोटो येत होते," एवढेच म्हणालो.

मग तिने विचारले, "खाना खाया?"

"कढी केली होती. फाटली."

"दही में बेसन पहले घोलना था. मम्मी कैसे बनाती थी, कभी देखा नहीं?"

"नाही पाहिलं."

तिला कोणीतरी हाक मारली. "चार बजे के बाद किया करो फोन," ती घाईने म्हणाली. "तब मीटिंग नहीं रहती. फोटो-वोटो अब नहीं भेजूँगी."

"हव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले. काय बोलावे हे ठरत नव्हते. तरी मी नंबर लावला.