घाम आल्याशिवाय भाकर नाही

देवानं आदामाला घडवलं ते भाजीची पिशवी उचलायसाठीच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या जन्मात पाह्यला, अन् तो नेमका माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही सगळेच ख्रिस्ती, शास्त्र आमच्याही घरी वाचलं जाते. पण आमच्याकडे ते वाचून झाकून ठेवतात, भाऊजी ते अंगावर घालून फिरतात. पुरुषानं घर पोसावं, बाईनं घर सांभाळावं, एवढी दोन वाक्यं त्यांनी लग्नाच्या दिवशी धरली ती सोडलीच नाहीत. त्यामुळे बाभुळगावात राहून माझ्या बहिणीनं तिथला बाजार उभ्या संसारात धड पाह्यला नाही. दळण ते आणत, लुगडी ते आणत, बांगड्यासुद्धा सुतळीचं माप घेऊन तेच आणत. लुगडं दरवेळी तपकिरी. का, तर मळ दिसत नाही. वांगी आणली तर अशी निबर, की भाजीत वांगं कमी अन् बियाच जास्त. माझी बहीण हसून शिजवायची. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, एखाद्या बाजारी तिलेही जाऊ द्या ना." तर म्हणाले, "काहून? माह्ये हात मोडले काय?"

पण खरी गंमत घामाची. घाम गाळून भाकर खा, असं देवानं आदामाला सांगितलं, हे त्यांनी इतकं शब्दाला शब्द धरलं होतं की कपाळावर थेंब दिसल्याशिवाय पाटावर बसायचे नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे सोय आपोआपच होते. थंडीत पंचाईत. मग कामावरून आले की मागच्या अंगणात कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायचे. घरात गॅस आला तरी फोडायचे. फोडलेली लाकडं शेजारचे नेत. इकडे बहीण ताटावर झाकण घालून ओरडायची, "आला काय जी घाम? भाकर थंडी होऊन राह्यली!" मग हे दारात येऊन कपाळ दाखवत. मला मेलीला चौकशा फार. मी विचारलं, "अन् चुलीपुढं तिले येते तो घाम कोणत्या खात्यातला?" म्हणाले, "तो येगळा, बाई. तो मायेचा."

आता यांचा धंदा ऐका. शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. सायकलीला पेचकस-तेलकुपीची पिशवी अडकवून गावोगाव जायचे, अन् गिऱ्हाईक कोण? सगळ्या बाया. कोणी झंपर शिवून लेकरं शिकवते, कोणी नवऱ्याच्या औषधाला लावते. माझ्या बहिणीच्या हातात मात्र तशीच कला असून तिनं पैशासाठी एक टाका घालायचा नाही. मी एकदा सरळच म्हटलं, "भाऊजी, बाया कमावतात म्हणून मशिनी चालतात, मशिनी बिघडतात म्हणून तुमची चूल पेटते. मंग पोसते कोण?" तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी मिशा पुसल्या, अन् म्हणाले, "देव."

मागच्या वर्षी त्यांना लकव्याचा हलका झटका आला. चालणं सावरलं, बोलणं सावरलं, पण उजवा हात थरथरतच राह्यला. वरची सुई अन् खालचा दोरा फिरवणारं शटल यांचा मेळ केसाएवढा चुकला तरी टाका सुटते; थरथरत्या हाताचं ते काम नाही. बाया मशिनी घरी आणू लागल्या. हे ओसरीतल्या बाकावर बसून "उद्या या" म्हणायचे, अन् आतल्या खोलीत माझी बहीण मशीन उघडायची. इतकी वर्षं पेचकस हातात देता देता ती सगळं शिकली होती. मशीन फुलासारखी हलकी चालायची, तारीफ ओसरीवर व्हायची. अन् या माणसानं जेवण सोडलं. पहिल्या दिवशी म्हणे उपास आहे. दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, "ये वं तू. दवाखान्यावाले म्हणतात गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, अन् हे तं पाण्यावर हायेत." मी कळंबहून पहिल्या बसनं गेले.

भाऊजी निम्मे झाले होते. म्हणाले, "बाई, घरच्याले पोसत नाही तो माणूस शास्त्रानं बाद. तिच्या कमाईची भाकर मी कोणत्या तोंडानं खाऊ?" माझ्या चौकशा सगळ्या चांगल्या दिवसांच्या. तेवढ्यात माझी बहीण ताट घेऊन आली, हाताला मशीनचं तेल तसंच. त्यांना म्हणाली,

"शास्त्रातल्या त्या राजाच्या मायनं लेकाले सांगितलेली सद्गुणी बाई आठवते काय? शेत इकत घेते, मळा लावते, कापड इकते. अन् तिचा नवरा कुठं असते?"

भाऊजींना शास्त्र पाठ. हळूच म्हणाले, "वेशीत. पंचांमध्ये बसते."

"त्याले कोणी इचारलं, तू कायले जेवतो म्हणून?"

भाऊजी म्हणाले, "पण तो वेशीत नुसता बसून करे तरी काय?"

"बायकोची तारीफ करे. तेही लिहिलंच हाय."

त्यांनी डाव्या हातानं घास मोडला. मी पदर डोळ्याला लावला, डोळ्यात तिखट गेलं म्हणून सांगितलं.

दुपारी एक बाई मशीन न्यायला आली. "काका, तुमच्या हाताले तोड नाही बाप्पा!" भाऊजी खाकरले. एखादं जड पोतं उतरवताना लागावा तेवढा वेळ त्यांना लागला. "माह्या हात नाही, बाई. हिनं केली. आतमध्ये हाय ते." बहिणीला तीन हाका मारल्या तेव्हा ती दारात आली, अन् तिथंच उभी राह्यली. भाऊजींनी बाकावर सरकून जागा केली अन् म्हणाले, "बस ना."

संध्याकाळच्या बसला मला खिडकी मिळाली. आमचे हे भले माणूस होते, देवाघरी गेले. त्यांनी माझ्यासाठी कधी अशी जागा सरकवली होती काय, ते मी आठवत बसले. कळंब आलं तरी आठवलं नाही.