फोटोच्या मागच्या खोडलेल्या ओळी

मुलांनो, मागच्या महिन्यात मी तुम्हाला घरट्यात बसलेल्या स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा जुना फोटो पुढून-मागून मोबाइलवर पाठवला. धाकटीने फोनवर विचारलं, आजी, त्याच्या मागच्या तीन ओळींवर काळी शाई का फासली आहे? मी म्हटलं, सांडली असेल. ते खोटं होतं. या वयात खोटं मागे ठेवून जाणं बरं नाही, म्हणून लिहिते आहे. लिहितानाही राग येतोच आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

नव्वद साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. मी पनवेलच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि रविवारी कॅमेरा घेऊन गोव्याकडच्या एस.टी.ने कर्नाळ्याच्या बाजूला जात होते. आमचं सात-आठ जणांचं फोटोमंडळ होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्यातल्याच एका डॉक्टरांच्या, सुट्टीमुळे बंद असलेल्या दवाखान्यात जमायचो. स्लाइड असेल तर एक्स-रे बघायच्या दिव्याच्या पेटीवर लावायची, प्रिंट असेल तर पेशंटच्या बाकावर भिंतीला टेकवून ठेवायची. नियम दोन. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत फोटो ज्याचा त्याने गप्प बसायचं. आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे जागा, वेळ, लेन्स, सगळं नीट लिहायचं. हा दुसरा नियम मी घालून दिलेला. मुलांचे निबंध तपासावेत तशी मी सगळ्यांच्या प्रिंटची पाठ तपासायचे.

ते घरटं मला लाकूडफाटा गोळा करणाऱ्या वाडीवरच्या एका बाईने दाखवलं. लांबूनच बोट केलं आणि पुढे जाऊ दिलं नाही. वाटीएवढं घरटं, आत नर बसलेला, त्याच्या पांढऱ्या शेपटीच्या फिती बाहेर लोंबत होत्या. समोर एक रुंद पान आडवं आलेलं. मी होते तिथूनच अर्धा रोल संपवला.

मे महिन्याच्या बैठकीत प्रिंट बाकावर ठेवली. बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे आमच्यातली सगळ्यात लांब लेन्स. ते म्हणाले, "बाईंनी पानाचा फोटो छान काढलाय. पक्षी मध्ये आला नसता तर बरं झालं असतं." सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, एक पाऊल डावीकडे सरकायला हवं होतं. मी नियमाप्रमाणे गप्प. मग त्या बँकेतल्या साहेबांनी प्रिंट उलटी करून मागचं मोठ्याने वाचलं: कुठल्या वाटेने, कुठल्या वळणापासून किती पावलं, कुठलं झाड, किती उंचीवर. "अक्षर मात्र फोटोपेक्षा शार्प आहे," म्हणाले. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी मी पुन्हा तिथे गेले. घरट्याभोवतीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या होत्या. उन्हाची तिरीप सरळ आत पडत होती आणि आत काहीच नव्हतं. मोळी बांधत बसलेली ती बाई उठली नाही.

"मोठा कॅमेरा घेऊन आलता एक," ती म्हणाली. "पिल्लं बारकी व्हती. फांद्या तोडल्या, फोटू काढला, गेला. दुसऱ्या दिशी कावल्यांनी नेली."

मी काहीतरी पुटपुटले. तिने मोळीची गाठ आवळली आणि विचारलं, "आमी कुनाला दावलं नाय, बाय. मंग त्याला कुनी दावलं?"

मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि एस.टी.च्या वाटेला लागले.

जूनच्या बैठकीत साहेबांची प्रिंट बाकावर आली. माझ्या प्रिंटच्या दुप्पट मोठी. तीन उघड्या चोची, मादी घास देताना, पिसं न् पिसं मोजून घ्या. वा, वा झालं. उजेड काय सुरेख पकडलाय, म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "माझ्या फोटोतलं पान यात कुठे आहे?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, फोटोबद्दल बोला."

"फोटोबद्दलच बोलते आहे. तेच घरटं, तेच झाड. पान कुठे गेलं?"

साहेबांनी गप्प बसायचा नियम मोडला, पण अगदी शांतपणे. दोन-चार फांद्या बाजूला केल्या, पावसात परत फुटतील, मी निघालो तेव्हा पिल्लं घरट्यातच होती, असं म्हणाले. ते खरंच होतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी कावळ्यांचं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, वाईट झालं, पण आपण इथे चित्र बघतो, आणि चित्र उत्तम आहे. ती प्रिंट महिन्याचा सर्वोत्तम फोटो म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर लागली. पुढे कित्येक दिवस खोकल्याचे पेशंट तिच्याखाली बसायचे आणि किती गोड पिल्लं म्हणायचे.

मी त्याच बैठकीत म्हटलं, घरट्याची जागा यापुढे कोणी लिहायची नाही. साहेब हसले. "पद्धत तुमचीच ना, बाई?" हात वर करायला सांगितलं तेव्हा माझा एकटीचाच हात वर होता.

त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण कोयता त्यांचा होता, वाट मी आखून दिली होती, तीही वळणदार अक्षरात, शाबासकीसाठी. घरी येऊन मी दौत काढली आणि त्या तीन ओळी खोडल्या. उपयोग काही नव्हता, कारण घरटं गेलेलं होतं. मंडळात मी पुन्हा गेले नाही. त्या बाईकडे मात्र गेले आणि जागा मीच सांगितली असं कबूल केलं. तिने ऐकून घेतलं. त्यानंतर तिने मला एकही घरटं दाखवलं नाही.

तो फोटो माझ्या कपाटात आहे, निगेटिव्हसकट. पान त्यात जिथल्या तिथे आहे.