पगार तोच आहे

माय, वैजापूरच्या स्टँडवर तू मला एसटीत बसवलं, तवा उन्हानं डोळे उघडत नव्हते. सलग दुसऱ्या साली पाऊस नाय, रानात काम नाय. खिडकीपाशी येऊन तू एवढंच म्हणालीस, "उलटून बोलू नको बाई. काम टिकव." गाडी हलली अन् मी ढसाढसा रडले.

शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका खाणावळीत भाकरी थापायचं काम मिळालं. गावाकडं आपण पीठ पुरवून पुरवून खायचो, अन् इथं दुपारची गर्दी सुरू झाली की मान वर करायला फुरसत नाय. मालकीणबाई गिऱ्हाइकांसमोर म्हणायच्या, "रमाच्या हाताला तोड नाय!" लई फुगले होते मी तवा.

मग मी भीमजयंतीची सुट्टी मागितली.

"म्हंजी तू जयभीमवाली व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय, बौद्ध आहोत आम्ही."

सुट्टी लगेच दिली. परत आले तर तव्यापुढं कोंडाबाई बसलेली. "तू आजपासून भांड्यांवर. पगार तोच आहे," मालकीणबाई म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंबी नाय.

कोंडाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली, दुष्काळानंच इथं आलेली. तिनं मान खाली घातली. मी भांडी घासत सोताला समजावत ऱ्हायले, की पगार कापला नाय, शिवी दिली नाय, मग बोंब कशाची? पण भाकरीचा वास आला की अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या वस्तीत एक वकीलबाई येतात. त्या म्हणाल्या, "पगार तोच असला म्हणून काय झालं? जात बघून काम काढून घेतलं, तर तो भेदभावच. कायद्याला ते चालत नाही. आधी कारण विचार."

विचारलं. ऐन गर्दीत. "बाई, माझी भाकर बिघडली का?"

"भाकरीचं नाय गं. गिऱ्हाइकाला कळलं तर जेवंल का इथं?"

कोंडाबाईनं तवा खाली उतरवला. "मी ऐकलंय," ती म्हणाली, "जिथं विचारतील तिथं सांगीन."

दोघींचंबी काम त्याच दिवशी गेलं. तक्रार दिलीय, तारखा पडतात. काय व्हईल म्हाईत नाय.

तू निरोप धाडतीस, औंदा पाणी पडलंय, घरी ये. माय, याद लई येती. पण टँकर आला की आपल्या गल्लीचा नंबर कायम शेवटी लागायचा, अन् आपण त्याला रीत म्हणायचो. आता कुणी मागं उभी ऱ्हा म्हणलं, तर मी नाय ऱ्हायची. अशी लेक तुला घरात चालंल का, तेवढं सांग. मग येते.