बोटीवर कोण बसणार

मी बुडत नव्हते. जाऊ वाचवायला आली म्हणून बुडले.

बागेतल्या फवारणीच्या टाकीवर मी कंबरेतून वाकून उभी होते. डोकं पाण्यात, डोळ्यांवर नातीचा मोठा पाणचष्मा, तोंडात रबरी नळी. श्वास कुठे जरा जमायला लागला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी कंबरेला मिठी मारली आणि बोंब ठोकली, "धावा गो! वहिनीनं जीव दिलान!"

मी दचकून तोंड उघडलं. नळी सुटली, पाणी आत. जावेनं मला मागे ओढायचं, तर घाबरून ती माझ्यावरच रेलली आणि मी छातीपर्यंत टाकीत गेले. चष्म्याचा पट्टा अंबाड्यात अडकलेला, पाय जमिनीवरून सुटलेले. शेवटी सून धावत आली आणि तिनं आम्हां दोघींना एकदमच बाहेर ओढलं.

ही माझी धाकटी जाऊ. शेजारच्या घरात एकटीच राहते, मुलगे मुंबईला. सकाळी माझ्या बागेतली जास्वंदीची फुलं न विचारता न्यायला येते, तशीच त्या दिवशी आली होती. तिला मागून माझं डोकं दिसलं नाही. जे दिसलं ते लपण्याजोगं नाही, म्हणून तिनं मला लगेच ओळखलं.

या वयात टाकीत डोकं घालायची पाळी अंदमानामुळे आली. नात पुण्याला नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा जेवताना म्हणाली, यंदा मोहोर यायच्या आत सगळ्यांनी अंदमानला जायचं. बेटावर राहायचं आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधून बोटीवरून समुद्राच्या तळाशी मासे बघायला उतरायचं.

मुलगा म्हणाला, "मासे बघायला अंदमान कशाला? मिरकरवाड्याच्या जेटीवर चल, ढीग दाखवतो."

"मेलेले नव्हेत, बाबा. जिवंत."

सून ताटातला भात तसाच ठेवून नातीच्या फोनवरचे रंगीबेरंगी मासे बघत बसली. ती पूर्णगडच्या बाजूची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं लांबात लांब जाणं म्हणजे चिपळूणला भावाकडे, तेही आंबा संपल्यावर.

मग विषय निघाला माझा. मला घरी ठेवायचं तर जवळ कुणीतरी हवं, म्हणजे सून. मला नेऊन बोटीवर बसवायचं तरी जवळ कुणीतरी हवं, म्हणजे पुन्हा सूनच. तिनं फोन हळूच पालथा ठेवला. "तुम्ही जा खाली," ती म्हणाली. "मी बसेन आईंजवळ."

मी काही मायाळू सासू नव्हे. पण ही बाई बोटीवर माझ्याशेजारी बसून सुस्कारे सोडणार आणि पुढे वर्षभर ते सुस्कारे मला आमटीत लागणार, हे मला तेव्हाच दिसलं. मी म्हटलं, "माझ्याजवळ कुणी बसायचं कारण नाही. मी पण खाली जाणार."

मुलाला ठसका लागला. "आई, तुला पोहता येत नाही."

"तुला येतं?"

आमच्या घरात कुणालाच येत नाही. समुद्र बागेच्या कड्याखाली आहे, रात्रंदिवस त्याची गाज ऐकतो, नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतो आणि पाणी गुडघ्यावर आलं की मागे फिरतो.

"पोहता नाही आलं तरी चालेल, आजी," नात म्हणाली. "तिथला माणूस धरून नेतो. फक्त तोंडानं श्वास घ्यायला जमलं पाहिजे." तिनं बॅगेतून चष्मा आणि नळी काढली. मी न्हाणीघरात जाऊन घंगाळात तोंड घातलं आणि शिंकत बाहेर आले. पोरगी पोट धरून हसली. मी चौथीपर्यंतच शिकले, पण कुणी हसलं की चेव येतो, त्याला शिक्षण लागत नाही. ती सामान इथेच ठेवून गेली आणि मी रोज सकाळी, सगळी कामात असताना, गुपचूप टाकीवर जाऊ लागले.

जावेची बोंब वाडीभर गेली. दुपारपर्यंत पडवी भरली. आमच्याकडे माणूस मरता मरता वाचलं की समाचाराला जातात, आणि हात हलवत जात नाहीत. बिस्किटांचे पुडे आले, शहाळी आली. मी एकेकीला सांगत होते की मी सराव करत होते. ऐकणारी मान हलवायची, "हो हो, करा हो सराव," म्हणायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सुनेकडे बघायची. सुनेचा जाच असल्याशिवाय म्हातारी टाकीत कशाला डोकं घालील?

लांज्याहून थोरली नणंद एसटीनं आली. तिनं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला.

"फवारणीचं औषधबिवषध प्यायलीस का गो?"

"टाकीतलं पाणी प्यायले."

"का?"

"अंदमानला जायचंय."

तिनं कपाळाला हात लावला आणि सुनेकडे वळली. "ऐकलंस? भ्रम झालाय. माणूस या थराला जाईपर्यंत घरात कुणाचं लक्ष नव्हतं?"

सून चहाचे कप गोळा करत होती. "मी नाही जात अंदमानला," ती म्हणाली. "बाकीची जाऊ देत. मी राहते आईंजवळ." आणि आत गेली. आत कपबशा फार सावकाश ठेवल्याचा आवाज आला. आपटल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हिला बोटीवरून सोडवायला निघाले होते, ती आता घरातच अडकली.

मी उठले. "चला सगळ्या टाकीवर," म्हटलं.

देवीच्या पालखीमागून यावं तशा सगळ्या आल्या. मी चष्मा चढवला. "बघा. जीव देणारी बाई चष्मा लावून जाते का कुठे?" असं विचारून ऐटीत डोकं पाण्यात घातलं. लोकांसमोर श्वास नेमका नाकानंच घेतला गेला. खोकत, डोक्यावर शेवाळ घेऊन वर आले. माझ्या आधी एक बेडूक बाहेर पडला.

"झालं समाधान?" नणंद म्हणाली.

तेव्हा मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बघते तर सून. थोरल्या नणंदेसमोर ती हसलेली मी कधी पाहिली नव्हती. पुढे येऊन तिनं माझ्या केसांतून पट्टा सोडवला. "आई, तुम्ही नळी चावता. दातांत नुसती धरायची आणि ओठ मिटायचे."

"तुला काय माहीत?"

"तुम्ही सकाळी करता. मी संध्याकाळी करते."

तिनं पदर खोचला आणि डोकं पाण्यात घातलं. नळीतून श्वास जात होता, येत होता, दुसरा आवाज नाही. नणंद दोनदा "पुरे गो" म्हणाली. वर आली तेव्हा सुनेला साधी धापही लागली नव्हती.

मग जाऊ म्हणाली, "मला पण दाखव गो."

"तुला टाकी नको," मी म्हटलं. "बोंब तू मारलीस, आता निस्तर. आमच्याबरोबर चल आणि बोटीवर बस."

"अहो, मला कुठे पोहता येतंय?"

"बसायला पोहावं लागत नाही. मी खाली गेले तर माझ्या चपला सांभाळ. नाही गेले तर मला."

नणंद संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. आणलेली शहाळी घेऊन गेली. मी आजारी नव्हते ना.

मोहोर यायच्या आत आम्ही गेलो. बोटीवर तिथल्या माणसानं विचारलं, काही आजार? मी त्याच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि माझी रक्तदाबाची गोळी मला एकदम आठवली. "आहे," म्हटलं. "मोठा आहे." नात तोंड फिरवून हसली.

मुलगा खाली गेला आणि कान धरून लगेच वर आला. सून आणि नात खालीच राहिल्या. जाऊ माझा पदर घट्ट धरून बसली होती. "अजून वर नाही हो आल्या," एवढंच पुन्हा पुन्हा. मी तिला सांगितलं, बोंब मारलीस तर ढकलून देईन.

सून वर आली तेव्हा तिच्या तोंडावर चष्म्याचा वळ उठला होता.

"काय बघितलंस?" मी विचारलं.

"मासे," ती म्हणाली, आणि त्या माणसाला विचारायला लागली, पुन्हा जाता येईल का.

आम्ही पाच जण गेलो होतो. पाचही जिवंत परत आलो. टाकीत बेडूकही आहे.