दहा ते बाराचं ऊन

जाधवबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आठव्या मजल्यावरून. खाली गावच्या शाळेच्या पटांगणात एक ठेंगणी म्हातारी हातात डबा घेऊन, वाकून वाकून जमिनीवर फक्कीची रेघ ओढत होती. मला वाटलं, खेळाचं मैदान आखतेय. पंधरा मिनिटांनी तिनं जरा पुढे दुसरी रेघ ओढली. मग तिसरी. डिसेंबरचे दिवस होते. मुलं रेघेपलीकडच्या उन्हात बसलेली. मधूनच एखादं पोर ओरडे, "बहनजी, छाँव आ गी!" की सगळी आपापल्या तरटपट्ट्या उचलून पुढे सरकत. ती रेघ आमच्या इमारतीच्या सावलीची होती. म्हातारी रोज तिची हजेरी घेत होती.

मला त्या कधीच आवडल्या नाहीत. त्यांनाही मी आवडत नव्हते, आणि हे त्यांनी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं.

आम्ही पुण्याहून गुडगावला आलो तेव्हा मोहरीच्या शेतांत इमारती उगवत होत्या आणि रस्ते यायचे बाकी होते. नवऱ्याच्या कंपनीनं तिथं नवं ऑफिस थाटलं होतं. आमच्या सोसायटीत पाच-सहा मराठी घरं, त्यामुळे गणपती बसवायचं ठरलं. कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या गावात एक मराठी शिक्षिका आहेत, त्यांनाही बोलवा. बाई आल्या. जाडीभरडी पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मी हौसेनं उकडीचा मोदक पुढे केला.

"कुठल्या इमारतीत राहता?" त्यांनी विचारलं.

"तीन नंबर, आठवा मजला."

"म्हणजे तुम्हीच," त्या म्हणाल्या आणि मोदक ताटलीत परत ठेवला. "पोरांचं ऊन खाता, वर आम्हाला मोदक खायला घालता."

चारचौघांत माझं तोंड एवढंसं झालं. इमारत काय मी बांधली होती? हप्ते फेडता फेडता आमच्या नाकी नऊ येत होते, आणि ही बाई माझ्यावर डाफरत होती जणू बिल्डर मीच! त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, "परत त्या बाईला बोलावलंत तर मी आरतीला उभी राहणार नाही."

पण तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून त्यांची बाजूही सांगायला हवी. बाई साताऱ्याकडच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या. तिथं मुनिरका नावाच्या वस्तीत म्हशींच्या गोठ्याला लागून खोली होती. चोविसाव्या वर्षी नवरा गेला. सासर-माहेर दोन्हींकडून "परत ये" अशी पत्रं आली, तर बाईंनी हरियाणातल्या या गावात शाळेची नोकरी धरली. सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि जन्मभर राहिल्या. पहिल्या वर्षी शाळेत मुलगी एकही नव्हती. बाई भल्या पहाटे घराघरात जाऊन चुलीपाशी बसत. आई म्हणे, पोरगी गेली तर रोट्या कोण करणार? बाई पदर खोचून म्हणत, "रोटी मैं सेंक दूँगी, छोरी नै भेज दे." आणि पोरीला धाडलं की खरोखर शेकून देत. गावातल्या पुरुषांनी दारावर शेण मारलं, तर बाईंनी त्याच्या गोवऱ्या थापल्या आणि पाण्याचा बंब तापवला. लशी टोचायला नर्स आली की पहिला दंड बाईंचा. गावात दारूचं दुकान यायचं होतं, तेव्हा बायकांना घेऊन अकरा दिवस रस्त्यात बसल्या. निवृत्त झाल्यावरही रोज शाळेत येत, बिनपगारी. कुणी टोकलं तर म्हणत, "सरकारनं मला निवृत्त केलं. मी झालेले नाही."

स्वभाव मात्र फटकळ. गोड बोलणं त्यांच्या पाठ्यपुस्तकात नव्हतंच. जमिनी विकून मोटारी घेतलेले त्यांचे जुने विद्यार्थी त्यांना पाहून गाडी दुसऱ्या गल्लीत वळवत.

पुढच्या थंडीत त्यांनी आमच्या सोसायटीकडे अर्ज केला. शाळेची खोली जुनी, अंधारी, खिडक्यांना काचा नाहीत. दहा ते बारा पटांगणावर आमची सावली. तेवढा वेळ, फक्त दोन महिने, मुलांना आमच्या हिरवळीवर बसू द्यावं. आमची हिरवळ इमारतीच्या पुढच्या अंगाला, भर उन्हात, आणि त्या वेळी तिथं माळ्याखेरीज कुणी नसे.

कमिटीत आम्ही सात जण. अध्यक्ष एक निवृत्त साहेब. बाई सभेला स्वतः आल्या.

"माताजी, घास खराब हो जाएगी," साहेब म्हणाले.

"घास फिर उग आएगी, साहब. लड़की एक बार घर बैठ गई तो फिर नहीं आती."

मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा यांना. थंडीनं मुलगी आठ दिवस घरी राहिली की चूल तिला सोडत नाही. एकेक मुलगी मी घरातून ओढून आणलीय."

मी पेनाचं टोपण लावत बसले. मला तो मोदक आठवत होता.

"का, मूग गिळलेत?" बाई म्हणाल्या. "तुमचं बरंय. आठव्या मजल्यावरून, उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"क्या कह रही हैं?" साहेबांनी मला विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणाले.

मतं घेतली. तीन जण हो म्हणाले, चार नाही. चौथा हात माझा होता. गवताशी मला काही देणंघेणं नव्हतं. सुरक्षितता, फ्लॅटची किंमत, सगळे जे बोलत होते त्यातलं काही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त त्या बाईला एकदा हरलेलं बघायचं होतं. ते मी बघितलं. त्यांनी अर्जाची घडी केली, बुटाची नाडी बांधली आणि नमस्कार न करता निघून गेल्या.

दोन वर्षांनी बाई वारल्या. शाळेतच, हजेरी घेता घेता बसल्या त्या उठल्या नाहीत. शोकसभेला गाव लोटला. मोटारी वळवणारेही आले आणि ओक्साबोक्शी रडले. बायकाच बायका होत्या. कुणी नर्स झालेली, कुणी मास्तरीण, कुणी नुसती सही करता येणारी. जिनं तिनं आपल्या आईच्या चुलीपाशी बसलेल्या बहनजींची गोष्ट सांगितली. मी मागच्या रांगेत होते. "आप भी महाराष्ट्र की हैं ना, दो शब्द बोलिए," असं मला कुणीतरी म्हणालं. मी मान हलवून नको म्हटलं. माझ्याजवळची गोष्ट तिथं सांगण्यासारखी नव्हती. ती इथं सांगते.

कमिटीच्या त्या मतदानानंतर आठवड्याभरानं, बाई हयात असतानाची ही गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात जाधवबाई. गार्डनं त्यांना सामानाच्या लिफ्टनं जायला सांगितलं होतं, म्हणून त्या आठ मजले जिना चढून आल्या होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला वाटलं, भांडायला आल्या. मीही पदर खोचून तयार होते.

"चला माझ्याबरोबर शाळेत," त्या दम घेत म्हणाल्या. त्या दिवशी आवाज नरम होता. "त्या दिवशी मी तुम्हाला टाकून बोलले, ते चुकलं. तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही हात वर केलात. एकदा डोळ्यांनी बघा, मग सभेत परत विषय काढा. चौथं मत मला हवंय."

मी त्यांना पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर त्या बाल्कनीत उभ्या. तिथं माझी वेताची खुर्ची होती, शाल होती, कठड्यावर अर्धा प्यालेला चहा होता. खाली सगळं पटांगण तळहातासारखं दिसत होतं. आमच्या इमारतीची सावली, गच्चीवरच्या टाकीसकट, जवळजवळ भिंतीपर्यंत पोचली होती. उरलेल्या हातभर उन्हात मुलं एकमेकांना चिकटून बसली होती. बाईंनी बोटानं मुली मोजल्या. नऊ भरल्या. गेल्या वर्षी मीच याच खुर्चीत बसून एकदा गंमत म्हणून मोजल्या होत्या, तेव्हा एकवीस होत्या.

"इथं रोज बसतेस?" त्यांनी विचारलं. त्या मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या.

"हो. सकाळचा चहा इथंच."

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"जन्मभर मी माहीत नसलेल्यांना शिकवलं," त्या म्हणाल्या. "तुला तर सगळं दिसत होतं. तुला काय शिकवू?"

आणि त्या जिन्यानं खाली उतरून गेल्या.