हात वर केला की थांबायचं

माझी थोरली बहीण मुलांच्या दातांची डॉक्टर आहे आणि तिच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून मी लोकांची बोलणी खातो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घरात ते इतकी वर्षं त्याच्यावरच भरत आलंय, त्यामुळे तक्रार करायला मला तसं तोंड नाही. तरी करतो. ताईबरोबर काम केलेल्या कुणीही केली असती.

तिचा एक नियम आहे. खुर्चीतल्या मुलाने डावा हात वर केला की थांबायचं. मशीन दातात असो, सिमेंट कालवून तयार असो, थांबायचं म्हणजे थांबायचं. हत्यार तोंडाबाहेर काढायचं आणि विचारायचं, "काय झालं?" उत्तर काहीही येतं. एकाला तहान लागलेली असते. एकीला वरच्या दिव्यात आपलं नाक दिसतं का ते बघायचं असतं. ताई शांतपणे दिवा वाकवून तिला तिचं नाक दाखवते आणि बाहेर माझ्यापुढे ताटकळलेले आईबाप माझ्याकडे असे बघतात, की जणू ते नाक मीच लावलंय.

"एक दिवस तरी वेळेवर घरी जाऊ या," मी म्हणायचो.

"आपल्याकडे मुलं तोंड उघडतात. का उघडतात, याचा कधी विचार केलायस?"

मी कसला विचार करतोय. मला भूक लागलेली असायची.

पुढे तिची मनगटं दुखायला लागली. उपचार झाले, पट्टे झाले, विश्रांती तेवढी झाली नाही. शेवटी तिने हाताखाली एक तरुण डॉक्टर घेतला. पुढेमागे दवाखाना त्याच्याच हवाली करायचा, असंही बोलणं चाललं होतं. मुलं त्याला हसरे डॉक्टर म्हणायची. हात जलद, बोलणं गोड, आणि आल्या आल्या त्याने एक काम असं केलं की मला तो देवमाणूस वाटायला लागला. त्याने एक भलं मोठं कापसाचं अस्वल आणलं. मूल खुर्चीत बसलं की अस्वल त्याच्या पोटावर. "दोन्ही हातांनी घट्ट धर हं. सोडलंस तर ते घाबरेल," असं तो सांगायचा, आणि मुलं इमानदारीत धरायची.

त्याच्या खुर्चीत दिवसचे दिवस एकही हात वर होत नसे. माझी रांग वेळेवर सरकायला लागली. मी गरम जेवण जेवायला लागलो. ताईलाही अस्वल आवडलं. तिने फक्त एवढीच कटकट केली, की त्याला अभ्रा घालायचा आणि तो प्रत्येक मुलामागे बदलायचा. ते धुवायचं कामही अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. नियम तर कुणी मोडला नव्हता. हात वर झाला असता तर हसरे डॉक्टरही थांबले असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याच सुमारास दवाखान्यांचा दर्जा तपासणारी मंडळी आली. त्यांनी हत्यारं वाफवायचं यंत्र बघितलं, औषधांच्या मुदती बघितल्या, हातमोजे बघितले, कचऱ्याच्या डब्यात वाकून बघितलं. आईबापांना विचारलं. आईबाप म्हणाले, फार छान, मूल रडतसुद्धा नाही. मुलांना कुणीच काही विचारलं नाही, आणि ते आमच्याही लक्षात आलं नाही. आम्हाला उत्तम शेरा मिळाला. तो चौकटीत घालून भिंतीवर लावायला खिळा मीच ठोकला.

मग आमच्या भिंगरीच्या दातांची पाळी आली. भिंगरी म्हणजे माझी लेक, पहिलीत जाते, तोंड आणि पाय दोन्हींना विसावा नाही. मागच्या दोन दाढा किडलेल्या. ताईचा हात त्या दिवशी पट्ट्यात होता, म्हणून मी पोरीला हसऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दारात उभा राहिलो. एक दाढ झटक्यात भरून झाली. पोरगी रडली नाही की ओरडली नाही. मी खूश.

त्या दिवसापासून तिने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. जेवायची, बोलायची, पण मागच्या दाढांपाशी ब्रश नेला की ओठ मिटलेच. खेळणी देऊन झाली, रागावून झालं, तिच्या आईने गोष्टी सांगून झाल्या. माझ्या नाकी नऊ आले. तेवढ्यात दुसरी दाढ ठणकायला लागली आणि गाल जरा सुजला. ताईने बोलावलं तर आत्यापुढेही तोच प्रकार. दवाखान्यात दुसऱ्यांची पोरं आ वासून बसलेली, आणि डॉक्टरच्या भाचीचं तोंड बंद. सूज वाढली तर मोठ्या इस्पितळात नेऊन भूल देऊन दाढ काढावी लागेल, असं ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं. माझं धाबं दणाणलं आणि त्याचाही राग मी पोरीवरच काढला.

"काही मुलं हट्टी असतात," हसरे डॉक्टर म्हणाले. "दोघांनी धरलं तर दोन मिनिटांचं काम आहे."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी एक जुनी दाढ भरायची राहिलीय. उद्या दवाखाना उघडायच्या आधी तुम्हीच भरा."

सकाळी ती त्यांच्या खुर्चीत आडवी झाली आणि म्हणाली, "अस्वल द्या." ते हसले. मीही हसलो. एवढी मोठी बाई अस्वलाला मिठी मारून पडली होती. काम सुरू झालं. मध्येच तिने अस्वल सोडलं आणि डावा हात वर केला.

"झालंच ताई, एवढं एकच," डॉक्टर म्हणाले. मशीन चालूच.

हात तसाच वर. मशीन चालू. अस्वल खाली घरंगळलं. मला दारात उभं राहवेना, पण मीही काही बोललो नाही. दाढ पूर्ण भरून झाली तेव्हा कुठे मशीन थांबलं.

ताईने चूळ भरली. "काम सुरेख झालंय. माझा हात दिसला होता?"

"दिसला ना. पण अर्ध्यात थांबलो असतो तर पुन्हा दुखलं असतं. लवकर संपवलेलं बरं."

"तसं असेल तर मुलांना आधी सांगायचं, की मी थांबणार नाही. आपण तर त्यांना उलटं सांगतो."

त्यांनी खाली पडलेलं अस्वल उचललं. माणूस वाईट नाही. मुलांना दुखू नये हीच त्याची धडपड, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायचं तरी कसं ते मला कळेना. ताईला कळलं. "आजपासून अस्वल बाहेरच्या बाकावर," ती म्हणाली, "आणि दवाखान्याचं पुढचं बोलणं सध्या राहू दे." म्हणजे दुखरी मनगटं घेऊन हीच पुन्हा खुर्चीपाशी उभी राहणार आणि बाहेर मी बोलणी खाणार. मी कपाळाला हात लावला.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. भिंगरी जमिनीवर ठोकळे रचत होती. ताई गुडघे कुरकुरत असताना तिच्याशेजारी खाली बसली आणि दोन ठोकळे रचून झाल्यावर म्हणाली, "हसऱ्या डॉक्टरांकडे दुखलं होतं का गं?"

भिंगरीने होकारार्थी मान डोलावली.

"मग हात नाही वर केलास?"

"अस्वल होतं ना," भिंगरी ओठ फारसे न उघडता म्हणाली. "सोडलं असतं तर ते घाबरलं असतं."

"बरं. मग काय केलंस?"

"पाय वर केला."

मला एकदम तो पाय आठवला. लाल मोजा घातलेला. तो वर आला तेव्हा मी दारातून म्हणालो होतो, "बघा, कशी लाडात आलीय," आणि सगळे हसले होते. खुर्चीपाशी मदतीला उभ्या असलेल्या नर्सबाईंनी तो हळूच खाली दाबला होता.

"डावाच केला होता, आत्या," भिंगरी म्हणाली. "नीट."

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंगरीला म्हणाली, "मला दाढ नुसती लांबून दाखवतेस?"

भिंगरीने विचार केला. आधी डावा हात वर केला, अगदी ताठ, आणि मग तोंड उघडलं. ताईने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो हात खाली येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.